खासदारांचा 'शेतकरी बांधवांसाठी अपडेट' आला की तो कसा वाचायचा

अधिवेशन संपलं की आमच्या गावच्या ग्रुपवर ठरलेलं असतं, दोन-तीन दिवसांत खासदारांच्या पीएचा नाहीतर एखाद्या कार्यकर्त्याचा मेसेज पडतो, वर साहेबांचा फोटो, मागे संसद भवन, खाली दहा-बारा मुद्दे आणि प्रत्येकापुढे हिरवी टिकमार्क. मग त्याखाली एकीकडे 'साहेब नंबर वन' आणि दुसरीकडे 'कांद्याचं काय ते बोला' असं रात्रभर चालतं. मी पण आधी दुसऱ्या गटात होतो. आता कुठल्याच गटात नाही, मेसेज सेव्ह करतो, रात्री जेवणं झाली की ओट्यावर बसून वाचतो, वीस-पंचवीस मिनिटं जातात पण ह्यातलं खरंच झालंय काय, व्हायचंय काय आणि नुसता फोटो कुठला ते कळतं. दोघातिघांनी विचारलं कसं वाचतोस म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

मी नाशिक जिल्ह्यातला, कांदा आणि थोडी मका, त्यामुळे उदाहरणं कांद्याची जास्त येणार. सोयाबीन-कापूसवाल्यांनी आपापलं लावून घ्या. आणि पक्षाचं इथे काही नाही, सगळ्यांचे अपडेट एकाच साच्यातले असतात, फक्त वरचा रंग बदलतो.

पहिलं काम, क्रियापद शोधा

मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि आपण मुद्दा अर्ध्यावरच सोडून पुढच्यावर जातो, घोळ तिथेच होतो. 'निवेदन दिले', 'मागणी केली', 'लक्ष वेधले', 'पाठपुरावा सुरू आहे', 'सकारात्मक चर्चा झाली' ह्या सगळ्याचा अर्थ अजून काही झालेलं नाही. वाईट नाही ते, खासदाराचं कामच आहे मागणी करणं, पण त्याच्यापुढे टिकमार्क कशाला? मागच्या अपडेटात मी बोटावर मोजले, अकरा मुद्दे होते, सात ठिकाणी शेवटी 'केली' होतं आणि सातही ठिकाणी त्याच्या आधी 'मागणी' होती.

'मंजूर' दिसलं तर कोणी मंजूर केलं ते बघा. 'तत्वतः मंजुरी' असेल तर तो शब्द मी सरळ खोडतो. 'संमत', 'अधिसूचना निघाली', 'राजपत्रात प्रसिद्ध' असं काही दिसलं की मग पेन काढायचं, कारण आता शोधण्यासारखा कागद आहे, अधिसूचना म्हणजे सरकारचा अधिकृत आदेश आणि राजपत्र म्हणजे तो छापला जातो ते सरकारी पत्रक.

फोटो झूम करा आणि दरवाजा बघा

हे मला फार उशिरा सुचलं. निवेदन देतानाच्या फोटोत साहेब आणि मंत्री असे दोघांनी मिळून एक कागद धरलेला असतो, कागद कॅमेऱ्याकडे. तो झूम करा. वर तारीख असते, मग 'प्रति', आणि मग विषय. बऱ्याचदा अक्षरं फुटतात पण 'प्रति'च्या खालचं मंत्रालय वाचता येतं, आणि अर्धी गंमत तिथेच कळते, कारण शेतीचं सगळं कृषी मंत्रालयात ठरत नाही.

कांद्याचंच घ्या. निर्यातबंदी किंवा किमान निर्यात मूल्य घालणं-काढणं हे डीजीएफटीकडून, म्हणजे परदेशी व्यापाराच्या महासंचालनालयाकडून होतं, ते वाणिज्य मंत्रालयात. निर्यात शुल्क लावणं-काढणं अर्थ मंत्रालयाचं, सीमाशुल्काच्या अधिसूचनेने. नाफेड आणि एनसीसीएफ ह्या सहकारी संस्था बफरसाठी, म्हणजे सरकारी साठ्यासाठी, जो कांदा उचलतात तो ग्राहक व्यवहार विभागाच्या भाव स्थिरीकरण निधीतून, आणि त्या विभागाचं काम नावातच आहे, ग्राहक. आता मला सांगा, कांद्याचं निर्यात शुल्क काढा म्हणून कृषिमंत्र्यांना निवेदन देतानाचा फोटो असेल तर तो किती उपयोगाचा? कृषिमंत्री फार तर पुढे शिफारस करतील. त्यातून कांदा हमीभावाच्या यादीतच नाही, यादीत 22 पिकं आहेत आणि उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, वेगळी, त्यामुळे 'कांद्याला हमीभावासाठी प्रयत्नशील' असं वाचलं की हे यादीत नवं पीक घालण्याचं बोलतायत की भाव पडल्यावर खरेदी करायच्या बाजार हस्तक्षेप योजनेचं, हे आधी विचारायचं.

बाकीच्यांसाठी पटकन सांगतो, खतं म्हणजे रसायन व खते मंत्रालय, सीसीआयची, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाची, कापूस खरेदी वस्त्रोद्योग, एफआरपी आणि साखर अन्न मंत्रालय, खाद्यतेल आणि कापूस ह्यांचं आयात शुल्क अर्थ. सोयाबीनवाल्यांना तर हे चांगलंच माहीत असेल. मे 2025 च्या शेवटच्या आठवड्यात सोयाबीनचा हमीभाव 4892 वरून 5328 केला, 436 रुपयांची वाढ, सगळ्यांच्या अपडेटात आली. आणि त्याच आठवड्यात कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 10 वर आणलं, ते किती जणांच्या अपडेटात होतं? कापसाचं पण तेच, ऑगस्ट 2025 मध्ये 11 टक्के आयात शुल्क माफ केलं, आधी 30 सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग 31 डिसेंबरपर्यंत वाढवलं, म्हणजे आपला कापूस बाजारात यायच्या बरोबर वेळेला. हे मुद्दे कुणी टिकमार्क लावून पाठवत नाही, ते आपणच शोधायचे.

कागद कोणता आहे

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. बिल वेगळं, कायदा वेगळा, अध्यादेश वेगळा, अधिसूचना वेगळी, मसुदा वेगळा, आणि समितीचा अहवाल तर एकदमच वेगळा.

मी कसा शिकलो ते सांगतो. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, 7 तारखेची अधिसूचना, 8 ला सकाळी उठलो तर लिलाव बंद पाडलेले. बंदी 31 मार्चपर्यंत होती. मग फेब्रुवारीत 18 तारखेला, रविवार होता, बातमी आली की बंदी उठली, मंत्र्यांच्या समितीने ठरवलं म्हणून. ग्रुपवर अभिनंदनाचे बॅनर सुद्धा येऊन पडले, इतक्या लवकर बनवतात कधी देव जाणे. लासलगावला 17 तारखेला सरासरी 1280 रुपये क्विंटल होता तो 19 ला 1800 वर गेला. माझ्याकडे रांगडा कांदा काढून पडलेला, तात्या म्हणाले आजच पिकअप भर, मी म्हटलं थांबा, बंदी उठली म्हणजे अजून चढणार, व्यापारी दोन दिवसांत मागे लागतील. आणि 20 तारखेला केंद्राच्या ग्राहक व्यवहार सचिवांनी सांगितलं की बंदी उठलेली नाही, 31 मार्चपर्यंत कायम आहे. भाव उतरला. रांगडा काय चाळीत टिकणारा माल नाही, उन्हाळ असता तर ठेवला असता, तो मी नंतर मिळेल त्या भावाने दिला आणि तात्यांनी पुढचे पंधरा दिवस मला 'निर्यातदार' म्हणून हाक मारली.

त्या दोन दिवसांत मी एकदाही विचारलं नाही की अधिसूचनेचा नंबर काय. नंबर नव्हता, कारण अधिसूचनाच नव्हती. पुढे मार्चच्या शेवटी बंदी 'पुढील आदेशापर्यंत' वाढवली, मधे बांगलादेश आणि यूएईला सरकारी संस्थेमार्फत ठराविक टन जाऊ दिले, आणि बंदी खरंच उठली ती 4 मे 2024 ला, ती सुद्धा टनाला 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क लावून. 13 सप्टेंबरला किमान मूल्य काढलं आणि शुल्क निम्म्यावर, 20 टक्के. ते 20 टक्के गेले 1 एप्रिल 2025 पासून. ह्या सगळ्या प्रवासात संसदेत एकही बिल आलं नाही बरं का, एकदाही मतदान नाही, सगळं दिल्लीतल्या एकेका कागदावर. म्हणून कांदेवाल्याने संसदेकडे बघण्याआधी राजपत्राकडे बघायला शिकावं असं माझं स्पष्ट मत आहे.

राजपत्र फोनवर दिसतं. ईगॅझेटची सरकारी साइट उघडायची, मंत्रालय निवडायचं, तारखेपासून-तारखेपर्यंत टाकायचं, पीडीएफ उतरते, फुकट. डीजीएफटीच्या साइटवर त्यांच्या अधिसूचना वेगळ्या लावलेल्या असतात. अपडेटात नंबर नसेल तर उत्तर टाकून विचारा, 'साहेब, अधिसूचना क्रमांक आणि दिनांक कळेल का?' एवढंच. झालेलं काम असेल तर पीए पाच मिनिटांत पाठवतो. नसेल तर 'भेटून बोलू' येतं.

आता बाकीचे कागद.

मसुदा म्हणजे अजून बिलसुद्धा नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये बियाणे विधेयकाचा मसुदा कृषी मंत्रालयाने लोकांसमोर ठेवला, 1966 च्या जुन्या बियाणे कायद्याच्या जागी आणायचा म्हणून, आणि 11 डिसेंबरपर्यंत सूचना मागवल्या. आमच्याकडे तेव्हाच 'नवीन बियाणे कायदा लागू' म्हणून फिरत होतं. खरं तर मसुद्याची वेळ म्हणजे आपण बोलायची वेळ, ईमेलने सूचना पाठवता येतात, मराठीत लिहिल्या तरी चालतं, मी बोगस बियाण्याच्या भरपाईवर दीड पान पाठवलं होतं.

बिल दोन्ही सभागृहांत संमत झालं, राष्ट्रपतींची सही झाली, राजपत्रात छापलं की कायदा. पण थांबा, पहिल्याच कलमात बघा, बऱ्याच कायद्यांत 'केंद्र सरकार ठरवेल त्या तारखेपासून लागू' असं असतं, आणि मग नियम यायचे असतात. कायदा झाला आणि लागू झाला ह्यात वर्षं जाऊ शकतात. आणि लागू होऊनही टिकेलच असं नाही. तीन कृषी कायदे आठवा, 5 जून 2020 ला अध्यादेश, सप्टेंबरमध्ये दोन्ही सभागृहांत संमत, राष्ट्रपतींची सही होऊन 27 सप्टेंबरला राजपत्रात, 12 जानेवारी 2021 ला सुप्रीम कोर्टाची स्थगिती, आणि 29 नोव्हेंबर 2021 ला रद्द करायचं बिल एकाच दिवसात दोन्हीकडून पास. तेव्हाचे अपडेट मी जपून ठेवलेत, एकाच माणसाने कायदे आले तेव्हा ऐतिहासिक म्हटलंय आणि गेले तेव्हा पण ऐतिहासिक.

खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचं स्वतःचं बिल, मांडलं असं लिहिलेलं असेल तर चांगलंच आहे, विषय नोंदला जातो, पण 1970 नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही. एवढं कळलं की 'हमीभावाचा कायदा संसदेत' ह्या ओळीचं वजन आपोआप कळतं.

आणि समितीचा अहवाल. डिसेंबर 2024 मध्ये संसदेच्या कृषी स्थायी समितीने शिफारस केली की पीएम किसानचे 6 हजार वाढवून 12 हजार करावेत आणि हमीभावाला कायदेशीर आधार द्यावा. शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. पण इकडे 'पीएम किसान आता 12 हजार' सुरू झालं ते इतकं की आमच्या सीएससीवर, म्हणजे ऑनलाइन सेवा केंद्रावर, बायामाणसं आधार घेऊन रांगेत उभी, पोरगा सांगून सांगून दमला.

अर्धाच आकडा आला असेल तर उरलेला शोधा

डिसेंबर 2025 मध्ये मनरेगाच्या जागी नवा कायदा आला. अपडेटात काय होतं, 100 दिवसांचे 125 दिवस. बरोबर आहे, खोटं नाही. पण त्याच कायद्यात खर्चाचा 40 टक्के वाटा आपल्यासारख्या राज्यांवर आहे आणि पेरणी-काढणीच्या हंगामात मिळून 60 दिवस कामं बंद ठेवायची तरतूद आहे. आता काढणीला मजूर मिळत नाही म्हणून रडणाऱ्या माझ्यासारख्याला ते 60 दिवस बरे वाटतील आणि ज्यांच्या घरात रोजावर जाणारे आहेत त्यांना नाही वाटणार, पण दोघांनाही माहीत तर पाहिजे. एक आकडा दिसला की त्याच्या मागे 'पण' शोधायची सवय लावा.

जीएसटीचं पण. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टर आणि ठिबक 12 टक्क्यांवरून 5 वर आले, हे खरंच झालं, बिलावर दिसलं. 'माझ्या पाठपुराव्यामुळे' हे मात्र देशातल्या किती खासदारांनी लिहिलं असेल मोजायला नको, दर जीएसटी कौन्सिलमध्ये ठरतात आणि तिथे केंद्राचे आणि राज्यांचे मंत्री बसतात, खासदार म्हणून कुणी नसतं.

केंद्राचं की राज्याचं

राज्यघटनेत शेती हा राज्यसूचीतला विषय, बाजार समित्या पण. परदेशी व्यापार आणि राज्याराज्यांतला व्यापार केंद्राकडे, धान्य-खाद्यतेलाचा व्यापार दोघांकडे. त्यामुळे पंचनामा, सातबारा, शेतीपंपाची वीज, बाजार समितीतला वांधा ह्यासाठी खासदारांना धरून उपयोग कमी, आमदार धरा. कर्जमाफी केंद्राने 2008 ला केली होती, नंतरच्या 2017 आणि 2019 च्या राज्याने.

पीक विमा दोन्हीत अडकलेला. योजना केंद्राची, शेतकरी हिस्सा खरिपाला 2 टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकांना 5. आपल्याकडे 2023 च्या खरिपापासून एक रुपयात होता तो राज्याने बाकीचा हिस्सा भरला म्हणून, आणि 2025 च्या खरिपापासून तो बंद झाला तो पण राज्याने. आता नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने जाहीर केलं की रानडुक्कर वगैरे जंगली जनावरांनी केलेलं नुकसान 2026 च्या खरिपापासून विम्यात घेता येईल, 72 तासांत ॲपवर फोटोसह कळवायचं. वाचून आनंद झाला. पण कुठली जनावरं आणि कुठले भाग ते राज्याने ठरवायचंय. म्हणजे खासदारांच्या अपडेटात हे आलं की पुढचा प्रश्न आमदारांना.

संसदेत काय बोलले ते तपासायचं

संसद डॉट इन उघडा, लोकसभा, मग प्रश्न, तिथे खासदाराचं नाव आणि मंत्रालय टाकून शोधता येतं. तारांकित प्रश्न दिवसाला 20, त्यांना तोंडी उत्तर आणि वर उपप्रश्न विचारता येतो, पण वेळेअभावी सगळे पुकारले जात नाहीत. अतारांकित दिवसाला 230, त्यांचं फक्त लेखी. तुमचे खासदार मंत्री असतील तर प्रश्न शून्य दिसतील, मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उगीच बोंब मारू नका.

उत्तर कसं वाचायचं हे सांगतो कारण ती एक वेगळीच भाषा आहे. प्रश्नात चार भाग असतात, नेमके, किती खरेदी, किती रक्कम, कधीपर्यंत. उत्तर हिंदीत बघितलं तर सुरुवात '(क) से (घ)' अशी, म्हणजे चारही प्रश्न एका मोटेत बांधले. मग पहिलं वाक्य कृषी हा राज्याचा विषय आहे. मग योजनांची यादी, तीच, दर वेळेला. नेमका आकडा शेवटच्या परिच्छेदात नाहीतर मागच्या तक्त्यात लपलेला असतो, म्हणून मी आता पीडीएफ मागून पुढे वाचतो. 'माहिती गोळा केली जात आहे, सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल' असं उत्तर असेल तर ते मात्र पकडून ठेवा, ते आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं आणि त्यासाठी संसदेची आश्वासन समिती आहे. तीन महिन्यांनी खासदारांना आठवण करून द्या, बहुतेक त्यांना पण आठवत नसतं.

'शून्य प्रहरात विषय मांडला' म्हणजे बोलले, सरकारला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं बंधन नाही. 'नियम 377 अन्वये' असेल तर मंत्रालयाकडून लेखी उत्तर खासदारांना येतं, ते मागून घ्या. आमच्या ग्रुपवर आजवर कुणी मागितलं नव्हतं, मी मागितलं तर पीएने आधी विचारलं तुम्ही पत्रकार आहात का. कांदावाला आहे म्हटलं. आठवड्याने दिलं.

मग विचारायचं कसं

ग्रुपवर 'साहेब लक्ष द्या' लिहून काही होत नाही. अधिवेशनाच्या तीन-चार आठवडे आधी द्या, कारण प्रश्नाची सूचनाच साधारण 15 दिवस आधी द्यावी लागते. एका कागदावर एकच विषय, मंत्रालय बरोबर, आणि प्रश्न असा की 'राज्याचा विषय आहे' म्हणून निसटता येणार नाही. मागच्या वेळेला मी दिलेला असा होता, हवा तर उचला:

'ग्राहक व्यवहार विभागाने भाव स्थिरीकरण निधीतून नाशिक जिल्ह्यात मागच्या हंगामात किती टन कांदा, कोणत्या सरासरी दराने, किती शेतकऱ्यांकडून खरेदी केला, आणि किती शेतकऱ्यांचे पैसे अजून बाकी आहेत? संस्थानिहाय सांगावे.'

'शेतकऱ्यांकडून' हा शब्द गाळू नका, त्यावरच सगळी मेख आहे, नाहीतर माल थेट शेतकऱ्याकडून घेतला की मधल्या कुणाकडून ते उत्तरातून कळत नाही.

खासदारांनी नाही घेतला तर तोच मजकूर माहिती अधिकारात टाका, केंद्राचं ऑनलाइन पोर्टल आहे, 10 रुपये, 30 दिवस, चुकीच्या खात्यात गेला तरी त्यांनीच योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. अर्जाचा नोंदणी क्रमांक येतो त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, माझा एकदा फोन बदलताना गेला आणि महिनाभर शोधत बसलो, शेवटी बायकोच्या फोनवर सापडला, तिला मीच पाठवला होता म्हणे.